कर्लिंग क्लबातलं नवं वर्ष

लॉर्न पेस्किन अध्यक्ष झाला तो आवाज बंद राहिल्यामुळे. साथीच्या दिवसांत बेअरहेड फॉल्समधल्या यहुदी मंडळींच्या सभा कॉम्प्युटरवर भरायच्या. जुने अध्यक्ष मुलीकडे फ्लोरिडाला कायमचे गेले, तेव्हा कुणीतरी लॉर्नचं नाव सुचवलं. "नाही, नाही, मुळीच नाही, मला पाठदुखी आहे, मला माणसांचा कंटाळा आहे," असं लॉर्न जीव तोडून सांगत राहिला, पण त्याच्या मायक्रोफोनचं बटण बंद होतं. पडद्यावर लोकांना दिसलं ते इतकंच, की लॉर्न फार भारावलाय आणि हात हलवून काहीतरी मनापासून बोलतोय. ठराव एकमतानं पास झाला.

तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्यानं चष्म्याचं दुकान चालवलं होतं. तिथे गिऱ्हाइकाला विचारायचं, "हे स्पष्ट दिसतंय की ते?" आणि गिऱ्हाईक कितीही किरकिरं असलं तरी शेवटी दोनातलं एक सांगून गप्प व्हायचं. सिनेगॉगचं, म्हणजे यहुदी प्रार्थनाघराचं, तसं नव्हतं, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं.

दिवसही वाईट होते. कागदाची गिरणी चालू होती तेव्हा गावात नव्वद यहुदी घरं होती. गिरणी बंद पडली आणि पोरं टोरांटोला गेली ती परत आली नाहीत. साथीनं चार म्हातारी माणसं नेली. रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, उबदार गावातली नोकरी मिळाली आणि ते रडत रडत, पण लगेच, गेले. उरली एकतीस माणसं. आणि मग या एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटून पुलाखाली अडकला, त्याची भिंत झाली आणि मागे फिरलेलं पाणी थेट सिनेगॉगमध्ये शिरलं. छातीभर पाणी. हातानं लिहिलेल्या तीन तोरा-धर्मग्रंथांपैकी दोहोंचा लगदा झाला. तिसरा वाचला, कारण तो सगळ्यांत जीर्ण म्हणून टोरांटोच्या लेखनिकाकडे दुरुस्तीला दिलेला होता. हा लेखनिक सात महिने "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणत होता आणि लॉर्न त्याला फोनवर नाही नाही ते बोलला होता. पुरानंतर लॉर्ननं त्याची माफी मागितली. लेखनिक म्हणाला, "अजून थोडं थांबता का? पुढच्या आठवड्यात देतो."

भिजलेले ग्रंथ आणि प्रार्थनेची दोनशे पुस्तकं रीतीप्रमाणे दफनभूमीत पुरली. त्या दिवशी एकतीसच्या एकतीस माणसं आली. गावात माणसाच्या मयतीलाही इतकी येत नसत. बाकं मात्र कचऱ्याच्या गाडीत गेली. सागवानासारखी दिसणारी ती बाकं आतून भुसा निघाली. पाण्यानं फुगून, तडकून त्यांच्या चिरफळ्या झाल्या. त्यांच्यावर कोरलेली घराण्यांची नावंही त्यांच्याबरोबर गेली.

सप्टेंबर आला आणि यहुद्यांचं नवं वर्ष पंधरा दिवसांवर आलं, तेव्हा लॉर्ननं गावातल्या कर्लिंग क्लबाचा वरचा हॉल मागितला. बर्फावरून दगड घसरवायचा तो खेळ ऑक्टोबरशिवाय सुरू होत नसे, त्यामुळे हॉल मोकळाच होता. क्लबाची किल्ली मादाम थिबोकडे. ठेंगणी, ठसकेबाज बाई. झाडणं-पुसणं, हिशेब, बिंगो, सगळं तीच बघायची.

"मंगळवारी आमचा बिंगो असतो," ती म्हणाली. "पण तुमच्या देवासाठी मी तो बुधवारी घेईन."

"आमचं नवं वर्ष दोन दिवस असतं, मादाम."

"दोन दिवस? एका वर्षाला?" तिनं क्षणभर विचार केला. "बरं, गुरुवारी घेईन. पण त्याच्यापुढे नाही हं, कितीही मोठा देव असला तरी."

तिनं बक्षिसांच्या कपांचं काचेचं कपाटसुद्धा रिकामं करून दिलं, एकदाचा परत आलेला तोरा ठेवायला. एकच मोठा कप पहिल्यापासून आत मावत नव्हता, तो कपाटावरच राहिला. त्यावर पांढरी चादर टाकली की बरं दिसत होतं.

लॉर्ननं सगळ्यांना कॉम्प्युटरवरून पत्र पाठवलं. हॉल मिळाला आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, थंडी वाजेल म्हणून कोट आणावेत. शेवटी त्यानं लिहिलं: ज्याला जिथे आवडेल तिथे बसावं. हे वाक्य लिहिताना आपण फार मोकळ्या मनाचे आहोत असं त्याला वाटलं. पहिला फोन चार मिनिटांत वाजला.

"जिथे आवडेल तिथे म्हणजे काय?" हायमी ब्रॉडकिन ओरडला. हायमी ऐंशीचा. बुटांचं दुकान विकून घरी बसलेला, आणि रब्बी गेल्यापासून प्रार्थना तोच म्हणायचा. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तो समोरच्यालाच बहिरा समजायचा.

"म्हणजे कुठेही बस, हायमी."

"मी कशाला बसू? मी पुढे उभा असतो! माझी बायको चौथ्या रांगेत डावीकडून दुसरी बसते. माझं पान चुकलं की ती खोकते. ती भलतीकडे बसली तर मला कसं कळणार, मी कुठे चुकलो?"

"ती कुठूनही खोकू शकते की."

"अरे, तिथे सगळेच खोकतात! कुठून आला ते कळायला नको?"

दुसरा फोन खिडकीजवळच्या जागेसाठी होता. लॉर्ननं सांगितलं, त्या हॉलला खिडकी नाही, खालच्या मैदानाकडे बघायची एक मोठी काच आहे फक्त. बाई म्हणाल्या, "मग खिडकी असती तर जिथे असती, तिथे मला ठेव." तिसऱ्याला दारापासून लांब हवं होतं, चौथ्याला तिसऱ्यापासून लांब.

संध्याकाळी पर्ल वोलिन्स्कींचा फोन आला. पर्लमावशी अठ्ठ्याऐंशीच्या. लॉर्नच्या आईची मैत्रीण. लहानपणी त्यांनी त्याला न्हाऊ घातलं होतं आणि ही गोष्ट त्या चारचौघांत सांगायच्या.

"लॉर्न, बाळा, मला दोन खुर्च्या लागतील."

"पाय ठेवायला का, मावशी?"

"लाझरला."

मावशींचा नवरा लाझर वोलिन्स्की जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"गप्प काय झालास? वेड नाही लागलेलं मला. बाकावर त्याची जागा मोकळी असायची. मी तिथे हातमोजे ठेवायचे. बाकाचं बरं होतं, कुणाला विचारावं लागत नव्हतं. खुर्ची म्हटली की मागावी लागते."

"ठेवतो, मावशी. दोन ठेवतो."

मग लॉर्ननं तीन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून हॉलचा नकाशा केला. त्याची बायको मर्ना एकीकडे सणाच्या माशाचे गोळे वळत होती आणि एकीकडे काड्यांकडे बघत होती.

"चाळीस वर्षं तू लोकांना नवीन काहीतरी दिसावं म्हणून झटलास," ती म्हणाली. "आता त्यांना तीच टकलं दिसावीत म्हणून झटतोयस."

"त्यांना तीच बघायचीत, मर्ना. मी काय करू?"

"काही नको करूस. फक्त ती काडी तिथून उचल. त्या दोघींना शेजारी बसवलंस तर हायमीला प्रार्थना म्हणायची गरजच उरणार नाही, त्याच बोलत राहतील."

सोमवारी दुपारी लॉर्ननं क्लबात जाऊन खुर्च्या लावल्या, जमिनीवर चिकटपट्टी मारून रांगा आखल्या, प्रत्येक खुर्चीवर नाव लावलं आणि नकाशा भिंतीवर डकवला. लांब उभं राहून बघितलं. बत्तीस खुर्च्या, एकही भांडण नाही. त्याला स्वतःचा इतका अभिमान कित्येक वर्षांत वाटला नव्हता.

मंगळवारी सकाळी आठ वाजता तो कोट-टाय लावून आला, दार उघडलं आणि तिथेच थबकला. रांगा नव्हत्या. गोल टेबलं होती, प्रत्येक टेबलाभोवती सहा-सहा खुर्च्या आणि मधोमध प्लास्टिकची फुलं. फरशी आरशासारखी चकाकत होती. मादाम थिबो बादली घेऊन उभी होती आणि शाबासकीची वाट बघत होती.

"मादाम, खुर्च्या..."

"हो ना, सगळ्या एका दिशेला तोंड करून होत्या, बस आल्यासारख्या! सणाच्या दिवशी लोकांनी एकमेकांच्या पाठी काय बघायच्या?"

"आणि पट्ट्या?"

"डाग पडतात त्यांचे. खरवडून काढल्या, गुडघे गेले माझे. तुमच्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीत हं, ह्या घ्या." तिनं रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवला.

"आणि भिंतीवरचा कागद?"

"तो रेघोट्यांचा? मंगळवारी रद्दीची गाडी येते ना."

लॉर्ननं कपाळाला हात लावला. बाई मनापासून राबली होती, तिला काय बोलणार? तो म्हणाला, "फरशी सुंदर झालीय." मग दोघांनी मिळून टेबलं भिंतीला सरकवली आणि खुर्च्यांच्या जमतील तशा चार रांगा केल्या. नावं लावायला वेळच राहिला नाही. जिन्यात हायमीचा आवाज यायला लागला होता.

मंडळी आली. कोट, टोप्या, नवे बूट. "नवं वर्ष गोड जावो, गोड जावो" झालं. नावं नसलेल्या खुर्च्या सगळ्यांनी पाहिल्या आणि एकही जण बसला नाही. चुकून दुसऱ्याच्या जागी बसलो तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळे मागे, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी, गाडी चुकल्यासारखे दाटीनं उभे राहिले.

"कृपया बसून घ्या," लॉर्न म्हणाला.

"तू बस आधी," मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटी हायमीनं प्रार्थना सुरू केली. खाली मैदानात बर्फ गोठवायचं यंत्र नुकतंच चालू केलं होतं आणि ते एका सुरात घुमत होतं. हायमीला बाकी काही ऐकू येत नसलं तरी ही घुमघुम त्याच्या पायांतून वर चढत असावी, कारण जन्मात पहिल्यांदा त्याचा सूर लागला. तंबोऱ्याच्या साथीला बसलेल्या गवयासारखा तो डोळे मिटून रंगून गेला. त्यामुळे हॉलमध्ये काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. "आता सर्वांनी उभं राहावं," तो म्हणाला. सगळे उभेच होते. "आता सर्वांनी बसावं," तो म्हणाला. सगळे उभेच राहिले. असं तीनदा झालं.

पाऊण तासानं पर्लमावशींच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्या काठी टेकत पुढे झाल्या आणि हाताला लागली त्या खुर्चीत धपकन बसल्या. ती सगळ्यात मागच्या रांगेतली, खुंट्यांजवळची खुर्ची होती. त्यांनी हातमोजे काढले, शेजारच्या खुर्चीवर ठेवले आणि मान न वळवता मोठ्यानं म्हणाल्या, "मी बसले. म्हणजे ही तिसरी रांग, उजवीकडची कड. आता तुमचं तुम्ही बघा."

मग हायमीची बायको म्हणाली, "ही तिसरी, तर माझी हिच्या मागे, पलीकडे." तिनं एक खुर्ची उचलली आणि खुंट्यांच्या दिशेनं नेऊन ठेवली. "मी तिच्या पुढे दोन," दुसरा कुणी म्हणाला. "मग मी तुझ्या डाव्या अंगाला, मधे एक सोडून." खुर्च्या उचलल्या गेल्या, सरकल्या, फिरल्या. कुणाला नकाशा लागला नाही. चार रांगांच्या सात झाल्या, मधली वाट झाली, खिडकी असती तर जिथे असती तिथे त्या बाई जाऊन बसल्या आणि समाधानानं भिंतीकडे बघू लागल्या.

घोटाळा पुढेच झाला. "मधे एक सोडून" सगळ्यांनीच सोडली होती. इथे ग्लिकमन बसायचे, त्यांची सोडा. इथे त्यांची रोझ. तिथे पेपरमिंट वाटणारे बेनीकाका. कोणी कोणाला सांगत नव्हतं, पण रिकाम्या खुर्च्या बरोबर लागत गेल्या आणि जिवंत माणसांना खुर्च्या पुरेनात. सहा जण उभे आणि नऊ खुर्च्या मोकळ्या! मादाम थिबो स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला हिशेब काही कळला नाही, पण तिनं कोठीतून आणखी खुर्च्या काढल्या, मग बारची उंच स्टुलं, मग पियानोचं बाकडं. मंडळी बारच्या काउंटरपर्यंत पसरली.

हायमीनं डोळे उघडले आणि हॉल भरलेला बघून त्याचं पान चुकलं. चौथ्या रांगेतून खोकला आला. तो चटकन मागे जाऊन नीट म्हणू लागला.

लॉर्न कपाटाशी उभा राहून मोजत होता. एकतीस माणसं, चोपन्न खुर्च्या. अध्यक्ष म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. खुर्च्या जवळ घ्या, हायमीचा आवाज पोचत नाही, असं काहीतरी. पण मर्नाच्या डाव्या हाताला एक रिकामी खुर्ची होती आणि ती तिनं लॉर्नच्या वडिलांची म्हणून सोडली होती, हे त्याला न सांगता कळलं. त्यानं चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता.

तेवढ्यात दार उघडलं. एक उंच दाढीवाला तरुण आणि त्याच्यामागे दिवस भरत आलेली एक बाई, दोघंही धापा टाकत. "सिनेगॉगला फळ्या ठोकल्यात," तरुण परक्या उच्चारात म्हणाला. "शेजाऱ्यांनी सांगितलं, इथे बघा. आम्ही ब्युनोस आयर्सहून आलोय, गेल्याच महिन्यात. मी एस्तेबान शुखमान, ही व्हालेरिया. आत येऊ ना?"

बाहेरगावचं नवं माणूस नऊ वर्षांनंतर दारात आलं होतं. "या, या, बसा," लॉर्नच्या तोंडून निघून गेलं, आणि आपण काय बोललो ते कळेपर्यंत उशीर झाला होता. बिचाऱ्याला वीसेक खुर्च्या मोकळ्या दिसत होत्या. तो दाराजवळच्याच एका खुर्चीकडे गेला, तिच्यावरचे हातमोजे उचलले, अदबीनं शेजारच्या म्हातारीच्या हातात दिले आणि बसला.

लाझरच्या खुर्चीवर.

हायमीसुद्धा थांबला. पर्लमावशींनी हातातल्या मोज्यांकडे पाहिलं, मग त्या पोराकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"घोरतोस का?"

"काय?"

"प्रवचन चालू असताना. घोरतोस का?"

एस्तेबाननं बायकोकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. "घोरतो," तो खाली मान घालून म्हणाला.

"मग बस. या खुर्चीला सवय आहे." मावशींनी मोजे पर्समध्ये टाकले. "आणि ए पोरी, तिथे नको, त्या जागी वारा लागतो. रोझ ग्लिकमनला तिथे बसून दर वर्षी सर्दी व्हायची. तू ये इकडे, माझ्या पुढे. ती बेनीकाकांची जागा, चांगली आहे. कोट काढू नकोस."

व्हालेरिया बेनीकाकांच्या जागी बसली. लॉर्नला वाटलं, आता कुणीतरी कुरकुर करील. कुणी केली नाही. उलट पलीकडच्या एका बाईंनी वाकून तिच्या हातात एक पेपरमिंट ठेवलं.

"पान एकशे चौदा!" हायमी ओरडला आणि प्रार्थना पुढे चालू झाली.

रब्बी नव्हते, म्हणून प्रवचन अध्यक्षाकडे होतं. लॉर्ननं चार पानं लिहून आणली होती. ती खिशातच ठेवून तो म्हणाला, "नवं वर्ष गोड जावो. जाताना खुर्च्या हलवू नका. उद्या परत यायचंय." एस्तेबानला घोरायला सवडच मिळाली नाही. नंतर बरेच जण लॉर्नला म्हणाले, की इतकं चांगलं प्रवचन या गावात कधी झालं नव्हतं.

मग नव्या वर्षाला फुंकायचं मेंढ्याचं शिंग हायमीनं तोंडाला लावलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा बदक. तिसऱ्यांदा मात्र असा आवाज निघाला, की काचेपलीकडच्या रिकाम्या मैदानात तो जाऊन आपटला आणि दुप्पट होऊन परत आला. पर्लमावशींनी डोळे टिपले.

"डावं शिंग आहे," एस्तेबान हळूच म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"मी गुरांचा डॉक्टर आहे."

"गुरांचा?" मावशींनी त्याच्याकडे नव्यानं पाहिलं. "लाझर होता तेव्हा यायला हवं होतंस रे. माणसांच्या डॉक्टरांचं त्यानं कधी ऐकलं नाही."

ही बातमी जेवणाच्या टेबलापर्यंत त्याच्या आधी पोचली. गावातल्या दवाखान्यात महिना-महिना नंबर लागत नसे. मधाच्या केकचा तुकडा हातात घेऊन उभ्या असलेल्या एस्तेबानला सात जणांनी गुडघे दाखवले आणि हायमीनं कान. "मी घोड्यांचे बघतो हो," तो बापडा सांगत होता. "घोड्यापेक्षा माझे गुडघे काय वेगळे असणार?" हायमी म्हणाला.

दुपारी रीतीप्रमाणे सगळे नदीवर गेले. वर्षभराची पापं पावाच्या तुकड्यांबरोबर वाहत्या पाण्यात सोडून द्यायची असतात. पण या वर्षी काठावर उभं राहून कुणाचा हात उठेना. नदी गुडघाभर पाण्यात, साळसूदपणे, दगडांवरून खुळखुळत चालली होती.

"आपण का म्हणून?" हायमी म्हणाला. "आधी तिनं टाकावीत!"

"टाक रे," पर्लमावशी म्हणाल्या. "तिची तिला निस्तरू दे." आणि त्यांनी आपला तुकडा असा नेम धरून फेकला, की तो पाण्यात न पडता एका दगडावर आपटला.

मग सगळ्यांनीच फेकायला सुरुवात केली. त्याच वेळी शुखमानांच्या गाडीचं मागचं दार कुणीतरी उघडलं आणि आतून पोलेंता बाहेर पडली. पोलेंता म्हणजे त्यांची कुत्री, वासराएवढी, पिवळी. तिनं पाव उडताना पाहिले, आनंदानं पाण्यात उडी मारली आणि अर्धा पाव तोंडात धरून, अंग झाडत, थेट हायमीच्या पायाशी आणून ठेवला.

"हायमी, तुझं परत आलं," लॉर्न म्हणाला.

"माझंच कशावरून? माझा तुकडा छोटा होता!"

"तुझा छोटा?" त्याची बायको म्हणाली आणि इतकी हसली, की तिला खरा खोकला लागला. व्हालेरिया माफी मागत कुत्रीमागे धावत होती, एस्तेबान बायकोमागे धावत होता, "तू पळू नकोस, तू पळू नकोस" म्हणत.

लॉर्न जरा बाजूला, वाकलेल्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. त्याच्या मुठीत पाव होता. एप्रिलमध्ये त्यानं सिनेगॉगच्या पायरीवरून आतलं पाणी पाहिलं, तेव्हा त्याच्या मनात पहिला शब्द आला होता तो "सुटलो". नंतर तो रडला होता, चिखल उपसला होता, सगळं केलं होतं. पण पहिला शब्द तोच. हे त्यानं कुणालाही, मर्नालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यानं पाव कुस्करला नाही. सबंध तुकडा जोरानं, लांब, प्रवाहाच्या मध्यावर भिरकावला.

पोलेंतानं तो हवेतच पकडला आणि गिळून टाकला.

लॉर्न बघत राहिला. मर्ना केव्हा शेजारी येऊन उभी राहिली होती, त्याला कळलं नव्हतं.

"एवढा मोठा तुकडा?" ती म्हणाली. "काय होतं त्यात?"

"सांगेन."

"आता कुत्रीला विचारते." ती त्याच्या बाहीवरचे पावाचे कण झटकू लागली. "चल. त्या दोघांना रात्री जेवायला बोलावलंय मी. माशाचे गोळे पुरतील, पण त्या जनावराला काय घालायचं ते तू बघ."

"तिचं पोट भरलंय," लॉर्न म्हणाला, आणि काठीवर भार देऊन चढण चढणाऱ्या पर्लमावशींना हात द्यायला तो पुढे गेला.